छप्पन्नाव्या वर्षी कारखानदाराने काय शिकावं, आणि कोणाकडून

नमस्कार.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: वय ५६. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत १९९६ पासून स्वतःचं प्रेस शॉप (पत्र्याचे भाग कापण्या-दाबण्याचा कारखाना), चोवीस माणसं. मुलगा पुण्यात नोकरीत रमलाय, धंद्यात येणार नाही. मोठ्या ग्राहकाने आता प्रत्येक लॉटबरोबर मापांची आकडेवारी मागायला सुरुवात केलीय आणि ती कशी द्यायची हे शॉपमध्ये कोणालाच नीट माहीत नाही. मुलगा म्हणतो ईआरपी (साठा, ऑर्डर, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्या, एआय शिका. मित्र म्हणतात, या वयात कशाला डोक्याला ताप, पाच वर्षं ओढा आणि शेड भाड्याने द्या. तुम्ही विचारलंय की या वयात नवीन शिकणं खरंच जमतं का, आणि जमत असेल तर नेमका कोणता कोर्स करावा.

मी ६४ वर्षांचा आहे. नाशिकमध्येच सातपूरला १९८८ साली दोन जुन्या लेथवर सुरुवात केली, आज नऊ सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) मशीन आहेत. माझा धंदा टर्निंगचा, म्हणजे लेथवर धातू फिरवून कापण्याचा, तुमचा प्रेसचा, त्यामुळे तपशिलात फरक पडेल. पण तुमची जी अडचण आहे ती मी पन्नाशीत स्वतः भोगली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कोर्सचं शेवटी बघू. आधी मूळ दुखण्याकडे येतो. धंद्यात पडण्याआधी तुम्ही नोकरी केली असेल, तर तिथे कसे शिकलात ते आठवून बघा. मी एका मोठ्या कंपनीत अप्रेंटिस होतो. आमचे फोरमन जॉब (मशीनवर केलेला भाग) हातात घ्यायचे, चेंफरवरून, म्हणजे तिरकस कापलेल्या कडेवरून, बोट फिरवायचे आणि बिघडलेला असला तर एक शब्द न बोलता स्क्रॅपच्या पेटीत टाकायचे. दिवसातून चार-चार वेळा. त्या पेटीत पडणाऱ्या जॉबचा आवाज अजून माझ्या कानात आहे. वर्षभरात माझा हात बसला तो त्या आवाजामुळे. मग मी मालक झालो आणि तो आवाज बंद झाला. ऑपरेटर सांगत नाही, कारण त्याचा पगार माझ्या हातात. टूल विकायला येणारा सांगत नाही, कारण त्याला ऑर्डर हवी. सीए सांगतो, पण वर्ष उलटल्यावर. ग्राहक सांगतो, पण डेबिट नोट पाठवून, आणि तोवर तीन महिन्यांचा माल गेलेला असतो.

पन्नाशीनंतर पाठांतर जड जातं हे खरं आहे, मला जातं. पण आपल्यासारख्याचं शिकणं अडतं ते मुख्यतः चूक वेळेवर कळत नाही म्हणून. त्यामुळे तुमचा प्रश्न मी असा वाचतो: माझं कुठे चुकतंय हे मला लगेच कळेल, अशी सोय मी माझ्याच शॉपमध्ये कशी लावू? एकदा ती लागली की कोणता कोर्स करायचा हे आपोआप पुढे येतं.

माझ्याकडे ही सोय कशी लागली ते सांगतो. २०१२ सालची गोष्ट, मी ५१ वर्षांचा होतो. एका ग्राहकाला आम्ही १६ मिलिमीटर व्यासाची पिन द्यायचो, टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एकूण ३० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सहा महिने तक्रार येत होती की पिन वरच्या मर्यादेबाहेर जातेय, म्हणजे जाड निघतेय. मी मशीन तपासलं, बॅकलॅश (स्क्रूमधली ढिलाई) काढला, मटेरियल बदलून पाहिलं, एका ऑपरेटरला दुसऱ्या मशीनवर हलवलं. फरक पडेना. शेवटी ग्राहकाच्या क्वालिटीवाल्यांनी सांगितलं, आधी तुमच्या मोजण्याचाच अभ्यास करून पाठवा. आपल्याकडे त्याला गेज आर अँड आर म्हणतात. दहा पिना घ्यायच्या, तीन माणसं बसवायची, प्रत्येकाने प्रत्येक पिन तीनदा मोजायची, आणि आधी काय माप आलं होतं ते बघायचं नाही.

क्वालिटीत तेव्हा आयटीआय झालेली एक मुलगी नुकतीच लागली होती, विशीतली. तिने पिनांच्या टोकाला मार्करने नंबर टाकले, नंबर मला दिसणार नाही अशी पिन हातात द्यायची, मी मोजून आकडा सांगायचा, ती लिहायची. तिघांची मिळून नव्वद मापं झाली. दुपारी तिने हिशेब मांडला तर नुसत्या मोजण्यातला फरक टॉलरन्सच्या ३० टक्क्यांच्या बराच वर निघाला. हा आकडा १० टक्क्यांच्या आत असला तर मोजण्याची पद्धत चांगली, ३० च्या वर गेला तर ती पद्धत वापरायचीच नाही, असा नियम आहे. आणि तिघांमध्ये वेगळी पडत होती ती माझी मापं. प्रत्येक पिन मला इतर दोघांपेक्षा पाच-सहा मायक्रॉन बारीक दिसत होती.

ती थोडा वेळ कागद हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "सर, तुम्ही रॅचेट वापरत नाही. थिंबलने आवळता."

मायक्रोमीटरच्या टोकाला रॅचेट असतो. तो कटकट वाजला की थांबायचं, म्हणजे दर वेळी दाब सारखा पडतो. मी कित्येक वर्षं थिंबल, म्हणजे मायक्रोमीटरची फिरती नळी, धरून, हाताला 'लागलं' असं वाटेपर्यंत फिरवत होतो. दाब जास्त झाला की फ्रेम किंचित उघडते आणि माप खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं. आता पुढची साखळी बघा. रोज सकाळी पहिल्या शिफ्टचा पहिला जॉब मी स्वतः पास करायचो. मला तो बारीक दिसायचा, म्हणून मी मशीनच्या ऑफसेटमध्ये (मापाच्या सेटिंगमध्ये) पाच-सहा मायक्रॉन वाढवायला सांगायचो. ऑपरेटर मुकाट्याने वाढवायचा. दिवस चढेल तसा इन्सर्ट (धातू कापणारं छोटं पातं) झिजायचा, पिन आणखी जाड होत जायची आणि दुपारनंतरचे जॉब मर्यादा ओलांडायचे. सहा महिन्यांच्या रिजेक्शनचं मूळ माझ्या उजव्या हातात होतं.

मी तिला विचारलं, तुझ्या हे कधी लक्षात आलं? ती म्हणाली, पहिल्याच आठवड्यात. मग बोलली का नाहीस? "तुम्ही मालक आहात ना सर."

त्या रात्री मला झोप लागली नाही. रिजेक्शनच्या पैशांपेक्षा ते वाक्य जास्त टोचत होतं. शॉपमधल्या एका माणसाला उत्तर माहीत होतं, आणि ते उत्तर माझ्यापर्यंत यायला सहा महिने आणि ग्राहकाचं पत्र लागलं. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना बोलावून मी झालेली गोष्ट जशीच्या तशी सांगितली. त्या दिवसापासून पहिला जॉब क्वालिटीचं माणूस पास करतं, मी करत नाही. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाच जॉब मी मोजतो, पाच ती मोजते, आणि दोघांचे कागद भिंतीवर शेजारी शेजारी लागतात. ती आज आमची क्वालिटी इनचार्ज आहे. भिंतीवरचे कागद अजून चालू आहेत, आणि त्यात माझी चूक निघाली की एखादा नवा पोरगाही बिनधास्त बोट दाखवतो. तुम्हाला माझा पहिला सल्ला हाच आहे. असं एक काम निवडा ज्यात तुमचं माप आणि तुमच्या माणसाचं माप सगळ्यांसमोर शेजारी शेजारी लागेल.

"जमतं का" याचं उत्तर मात्र आनंदाचं आहे, आणि त्यासाठी एक उदाहरण देतो. टर्निंगमध्ये फिनिश (पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा) चांगला हवा तर इन्सर्टचा नोज रेडियस (टोकाची गोलाई) मोठा घ्यायचा आणि फीड (जॉबच्या एका फेऱ्यात पातं किती सरकतं ते) कमी ठेवायचा, हे माझ्या हाताला पंचवीस वर्षं ठाऊक होतं. किती मोठा, किती कमी, हे अंदाजाने. २०१४ च्या सुमारास मी पहिल्यांदा त्यामागचं सूत्र शिकलो. पृष्ठभागावरच्या खाचांची उंची म्हणजे फीडचा वर्ग, भागिले नोज रेडियसची आठपट. मिलिमीटरमध्ये फीड ०.२ आणि रेडियस ०.४ असेल तर उंची साडेबारा मायक्रॉन. तोच रेडियस ०.८ केला तर सव्वासहा. आता उलट करा. ०.४ रेडियसने सव्वासहा मिळवायचे तर फीड ०.१४ वर आणावा लागतो. म्हणजे नुसता इन्सर्ट बदलून, तोच फिनिश ठेवून, फीड ०.१४ वरून ०.२ वर नेता येतो, म्हणजे जवळपास ४० टक्के वाढ. बारीक आणि लांब जॉबवर मोठा रेडियस थरथर आणतो, तिथे हे चालत नाही, ते माझ्या हाताला आधीच माहीत होतं.

एखाद्या डिप्लोमाच्या मुलाला हे सूत्र पाठ करायला एक तास लागतो आणि परीक्षेनंतर ते विसरलं जातं. मला ते समजायला दोन संध्याकाळी लागल्या, वर्गमूळ काढताना अडखळलो, पण समजलं त्या क्षणी डोळ्यासमोर कमीत कमी पंधरा जॉब उभे राहिले जिथे मी वेळ वाया घालवत होतो. दुसऱ्या दिवशी चार जॉबचे फीड बदलले. उशिरा शिकणाऱ्याचा हा फार मोठा फायदा आहे. आपल्याकडे प्रश्न साठलेले असतात. तरुण मुलाला उत्तर मिळतं, पण ते टांगायला त्याच्याकडे खुंटी नसते. आपल्या भिंतीवर नुसत्या खुंट्याच असतात. म्हणून शिकायला विषय निवडताना नवीन काय आलंय हे बघू नका. रोज हाताने जे करतो पण का ते सांगता येत नाही, तिथून सुरुवात करा.

तुमच्यासाठी असं काय असेल? आमच्या गटात (गटाबद्दल पुढे लिहितो) एक प्रेसवाले आहेत, त्यांच्या शॉपमधलं सांगतो. ते कोणताही डाय (पत्रा कापायचा साचा) समोर आला की सवयीने ठरवायचे, हा पन्नास टनावर, हा शंभर टनावर. एकदा आम्ही बसून हिशेब केला. ३ मिलिमीटरच्या साध्या पत्र्याला ५० मिलिमीटरचं भोक: परीघ १५७, गुणिले जाडी ३, गुणिले पत्र्याची कातर-ताकद, ती साधारण ३५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरली. उत्तर सुमारे १ लाख ६५ हजार न्यूटन, म्हणजे जेमतेम १७ टन. सुरक्षिततेसाठी वर आणखी थोडं धरलं तरी हे काम लहान प्रेसवर होण्यासारखं होतं, आणि मोठा प्रेस त्यात अडकून पडला होता. दुसरी गोष्ट बरची, म्हणजे कापलेल्या कडेला राहणाऱ्या धारदार कोरीची. पंचची धार गेली की बर वाढते, हे तुमच्या माणसांना झोपेतही सांगता येईल. पण किती स्ट्रोकनंतर किती वाढते, हे त्या प्रेसवाल्यांनी कधी लिहिलं नव्हतं. एका डायवर दर पाच हजार स्ट्रोकला बरची उंची मोजून कागदावर टिंब मांडायला सुरुवात केली. महिन्याभरात कळलं की तक्रार येण्याच्या बरंच आधी पंच ग्राइंडिंगला काढता येतो. तुमचा ग्राहक मागतोय ती आकडेवारी म्हणजे मुळात हीच टिंबं आहेत, फक्त त्यांच्या फॉरमॅटमध्ये. सीपीके (मापं टॉलरन्समध्ये किती आरामात बसतात ते सांगणारा आकडा) वगैरे शब्दांना बिचकू नका. आधी एका डायवर, एका मापावर, महिनाभर टिंबं मांडा. त्यानंतर सीपीकेचं सूत्र तुम्हाला अर्ध्या तासात समजेल, कारण तोवर तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलेलं असेल.

इतकं झालं मशीनचं. मशीनवरच्या चुका जॉबमधून दिसतात. धंद्यातल्या चुका दिसत नाहीत, कारण निर्णय घेतल्यापासून परिणाम येईपर्यंत वर्ष जातं आणि तोवर आपण काय समजून तो निर्णय घेतला होता हे विसरलेले असतो. पुढे आपणच म्हणतो, मला आधीच वाटलं होतं. याला मी एक उपाय केला, आणि माझ्या मते माझ्या पन्नाशीनंतरच्या शिक्षणातला सगळ्यात मोठा वाटा त्याचा आहे. साधी दोनशे पानी वही. तिला घरात 'अंदाजवही' म्हणतात. कोटेशन पाठवलं की त्याच दिवशी डाव्या पानावर लिहायचं: सायकल टाइम किती येईल, रिजेक्शन किती, एका इन्सर्टच्या कडेत किती जॉब निघतील, पैसे किती दिवसांत येतील, आणि हे काम मी का घेतोय. उजवं पान कोरं. तीन महिन्यांनी उजव्या पानावर खरं काय झालं ते लिहायचं.

पहिलं वर्ष वाईट गेलं. एका जॉबला मी ९५ सेकंद लिहिले होते, प्रत्यक्षात १२८ पडले. मशीन ९५ सेकंदच घेत होतं. जॉब काढणं, लावणं, दर दहाव्या जॉबला गेज लावणं, इन्सर्ट फिरवणं, चिप्स ओढणं, हे मी कधी धरलंच नव्हतं. वीस-पंचवीस नोंदी झाल्यावर माझ्या चुकांना आकार दिसायला लागला. लांब बोअर (आतलं भोक) असलेल्या प्रत्येक जॉबमध्ये मी तिसऱ्या हिश्शाने कमी पडायचो. ओळखीतून आलेल्या कामात रिजेक्शन नेहमी कमी धरायचो. आणि "का घेतोय" या रकान्यात जिथे "पुढे मोठं काम मिळेल" असं लिहिलं होतं, त्यातलं बहुतेक काम पुढे आलंच नाही. हे मला कोणत्याही वर्गात कोणी शिकवलं नसतं, कारण ते फक्त माझ्याबद्दल होतं. आज कोटेशनमध्ये मी लांब बोअर दिसला की आधी वही उघडतो.

पैसे किती दिवसांत येतील या रकान्याने मला कायदाही शिकवला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे हा नियम २००६ च्या कायद्यात आहे, पण आपण कोणी त्याचा आग्रह धरत नव्हतो. आयकराच्या २०२३-२४ या वर्षापासून त्याला दात आले. आपल्याला द्यायची रक्कम मुदतीत दिली नाही, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरता येतो. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. हे मला सीएने सांगितलं तेव्हा मी नुसती मान डोलावली होती. वहीत जेव्हा एका ग्राहकापुढे लागोपाठ ६० च्या जागी ९५, १०२, ११० दिवस दिसले, तेव्हा बसून शब्दन् शब्द समजून घेतला, उद्यम नोंदणीचा नंबर प्रत्येक बिलावर छापला आणि त्यांच्या अकाउंट्समध्ये जाऊन शांतपणे बोललो. २०१७ च्या जीएसटीपासून माझं एक धोरण आहे: रिटर्न भरायला मी शिकणार नाही, ते सीएच्या ऑफिसचं काम, पण रिटर्न वाचून त्यांना प्रश्न विचारता आला पाहिजे. ईआरपीबाबत तुम्हीही एवढंच ठरवा. एन्ट्री कोणी तरुण करेल. स्क्रीनवर साठा ४०० दिसतोय आणि रॅकवर २६० आहे, हे विचारायला तुम्ही लागाल.

आता गट. आम्ही पाच जण आहोत, एकमेकांचे स्पर्धक नसलेले. दोन महिन्यांतून एकदा एकाच्या शॉपमध्ये जमतो. चहा झाला की यजमानाने गेल्या दोन महिन्यांतली एक फसलेली गोष्ट टेबलावर ठेवायची. शक्यतो खरीखुरी, हातात घेता येईल अशी: रिजेक्ट जॉब, परत आलेलं पत्र, चुकलेलं कोटेशन. बाकीच्यांनी आधी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला शेवटच्या पंधरा मिनिटांत. ही शिस्त आम्ही कुठून घेतली ते सांगतो, कारण त्यात आपल्या नाशिकचं काहीतरी आहे.

आमच्यातले एक निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार आहेत, स्वतःचं पॅकहाउस आहे. २०१० च्या हंगामात नाशिकची द्राक्षं युरोपात अडकली ते तुम्हाला आठवत असेल. वेलीची वाढ रोखायला वर्षानुवर्षं वापरलं जाणारं संजीवक, आपल्याकडे सगळे लिहोसिन म्हणतात ते, त्याचे अंश मालात मर्यादेपेक्षा जास्त निघाले. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षं बाग केली त्यांच्याच हातची सवय चुकीची ठरली होती. त्यांना पन्नाशीत बाग नव्याने शिकावी लागली: पाणी आणि नत्र कमी-जास्त करून, वेळेवर शेंडा खुडून जोम कसा आवरायचा, देठ परीक्षणाचा कागद कसा वाचायचा, तोडणीच्या आधी अंश तपासणीला नमुना कसा काढायचा. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ आणि बागायतदार संघाची चर्चासत्रं होतीच. पण ते म्हणतात, खरं शिकलो ते बागेतून बागेत फिरून. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर ठरावीक दिवसांनी सगळ्यांनी मिळून एकाच्या बागेत जायचं, काडी मोडून आत बघायचं, फसलेली ओळ सगळ्यांना दाखवायची. बाग उघड्यावर असते, लपवता येत नाही. आपल्या शेडला शटर असतं. सातपूर-अंबडला मी शेजारच्या गाळ्यात वर्षानुवर्षं पाऊल न टाकलेले मालक बघितलेत. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांच्या बैठकांना जरूर जा, ओळखी होतात, वीज-रस्ते-कर यांची बातमी कळते. पण एकमेकांचं स्क्रॅप बघायला चार-पाच विश्वासाची माणसंच लागतात, आणि ती तुम्हालाच जमवावी लागतील.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगतो. तुमचं निम्म्याहून जास्त काम एकाच ग्राहकाकडे असेल, तर प्रेसबद्दल नवीन शिकण्यापेक्षा बाजाराबद्दल शिकणं निकडीचं आहे. आपल्या गावातले कितीतरी जण डिझेल इंजिनाच्या भागांवर जगले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक निकष आले, इलेक्ट्रिक गाड्या वाढताहेत, आणि ज्यांनी तेव्हा फक्त जुन्या पार्टचाच फिनिश सुधारत बसणं पसंत केलं त्यांचं काम हळूहळू आटलं. काम विखुरलेलं असेल आणि मार्जिन घटत असेल, तर मात्र शॉपमधूनच सुरुवात करा. हातात रोकड तंग असेल तर पैसे लागणारं काहीही शिकू नका; वही आणि टिंबांचा कागद फुकट आहे. आणि खरोखरच पाच वर्षांत बंद करायचं मनात असेल, तर तेही शिकण्याचंच काम आहे. मशीनची आजची किंमत, कामगारांच्या ग्रॅच्युइटीची तजवीज, ग्राहकाने दिलेले डाय परत करणं, किंवा तुमच्या सुपरवायझरला भागीदार करून धंदा त्याच्या हाती देणं. चोवीस घरं तुमच्या शेडवर चालतात. घाईत बंद केलेल्या शॉपची माणसं नाक्यावर उभी राहिलेली मी पाहिली आहेत. मुलगा येणार नाही म्हणून धंद्याला पुढे कोणी नाही, असं लगेच धरू नका.

कोर्स. प्रेस टूल आणि डायबद्दल खोलात जायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये काम करणाऱ्यांसाठी छोटे अभ्यासक्रम चालतात. तुमचा टूलरूमवाला पाठवा, आणि शक्य असेल तर त्याच्या शेजारी तुम्हीही बसा. परत आल्यावर दोघांनी एकच भाषा बोलणं याची किंमत फीपेक्षा जास्त आहे. हिशेब, व्यवस्थापन असं सलग काही शिकायचं असेल तर मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच गावात आहे, आणि ते उभंच राहिलं नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी. शॉपची मांडणी सुधारायला केंद्र सरकारच्या लीन (वाया जाणारं कमी करण्याची) आणि झेड (निर्दोष मालाची) अशा योजना आहेत, त्यात सल्लागाराच्या फीला अनुदान मिळतं. सर्टिफिकेट भिंतीवर लावण्यासाठी मात्र त्यात पडू नका. कोणत्याही कोर्सला जाण्याआधी माझी एक अट असते: शॉपमधला एक प्रश्न लिहून घेऊन जायचं आणि त्याचं उत्तर घेऊनच परतायचं. प्रश्न लिहिता येत नसेल तर अजून जायची वेळ झालेली नाही.

एआयबद्दल मुलगा चुकीचं सांगत नाही. मी रोज वापरतो. परदेशी ड्रॉइंगवरच्या टिपा मराठीत समजून घेतो, पत्रं नीट करून घेतो, एखादी संकल्पना पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारतो, आणि माणसाला पाचव्यांदा विचारताना जो संकोच वाटतो तो इथे वाटत नाही. पण सुरुवात अशा विषयापासून करा ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच येतं. मी फिनिशसाठी फीड विचारला तेव्हा त्याने नोज रेडियस किती आहे हे न विचारताच छान आकडा दिला होता. मला सूत्र येत होतं म्हणून कळलं. तुम्ही त्याला डायच्या क्लिअरन्सबद्दल विचारा, तुमच्या अनुभवाशी ताडून बघा, म्हणजे त्याच्यावर कुठे विसंबायचं आणि कुठे नाही हे आठवड्याभरात लक्षात येईल.

रोजचं कसं बसवायचं, ते माझ्यापुरतं सांगतो. संध्याकाळी डोकं चालत नाही, म्हणून सकाळी साडेसहा ते सात, फोन दुसऱ्या खोलीत. अर्ध्या तासाच्या वर नाही. हाताने लिहितो, कारण टाइप केलेलं माझ्या लक्षात राहत नाही. रविवारी कधी कधी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसतो. १८४० पासून चालत आलेल्या त्या वाचनालयात बसलं की फोन बाहेर काढायची इच्छा होत नाही. आणि जे शिकलो ते त्याच दिवशी शॉपमध्ये कोणाला तरी समजावून सांगतो. समजावताना जिथे अडतो, तेच दुसऱ्या दिवशीच्या अर्ध्या तासाचं काम. चष्म्याचा नंबर दर वर्षी तपासा. स्क्रीनवरचं आणि व्हर्नियरवरचं नीट दिसत नाही म्हणून "आपल्याला आता जमत नाही" असं समजणारे दोघं तरी माझ्या ओळखीत आहेत, आणि दोघांचंही चष्मा बदलल्यावर काम सुरू झालं.

तुमच्या माणसांसमोर "मला हे येत नाही, दाखव" म्हणायला पहिल्या दिवशी जड जाईल. मला गेलं होतं. मी त्यासाठी एक जागा ठरवली, क्वालिटीच्या टेबलापाशी एक लाकडी स्टूल आहे. त्यावर बसलो की मी मालक नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. महिनाभराने ऑपरेटर स्वतःहून म्हणायला लागले, साहेब, जरा स्टुलावर बसा, एक दाखवायचंय.

तुमच्या प्रश्नात एक माहिती नाही, आणि मला ती हवी आहे: तुमच्याकडे सकाळी डाय लावल्यावर पहिला पीस कोण पास करतं? तुम्ही स्वतः करत असाल तर उद्या तोच पीस तुमच्या क्वालिटीच्या माणसालाही मोजायला द्या, तुमचा आकडा त्याला न सांगता. तो दुसऱ्या खोलीत मोजेल, कागदावर लिहील. आठवडाभर असं करा आणि दोन्ही आकडे इथे लिहा. ते बघून पुढचं बोलू.